पंधरा नंबरचा तंबू

ज्या वर्षी जनेलच्या जुळ्यांनी पहिल्यांदा पाठीला दप्तर लावलं, त्या वर्षीच्या जुलैतली ही गोष्ट. जनेलच्या आईबापांनी, डेलबर्ट आणि वर्ना हापाला यांनी, आपलं राहतं घर विकलं ते ही जुळी जन्मली त्या साली. म्हणजे घर जाऊन सहावा उन्हाळा चालू होता.

घर विकून त्यांनी घरगाडी घेतली होती. पुढे स्टिअरिंग, मागे पलंग, मध्ये चूल आणि टेबल. हिवाळ्यात टेक्सासला जायचं, तिथे त्यांच्यासारखी पांढऱ्या केसांची माणसं रांगेने गाड्या लावून बसलेली असतात. बर्फ वितळला की उत्तरेला, मिशिगनला परत. कागदाच्या गिरणीत अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं फिरायचा हक्क आहे, असं डेलबर्ट म्हणायचा. वर्नाचं वेगळं होतं. भांडी धुताना खिडकीतून तोच तो मेपल बघायची तिला सवय होती. आता दर पंधरा दिवसांनी खिडकीबाहेर दुसरंच काहीतरी असायचं.

जुलैचे पंधरा दिवस मात्र ठरलेले. ग्रेव्हल पॉइंटचा कॅम्प, सुपीरियर सरोवराचा काठ. मुलं लहान होती तेव्हापासून तिथेच. तेव्हा जाड कापडाचा एक हिरवा तंबू होता आणि चौघांना एक जागा पुरत होती. आता वर्ना शेजारशेजारच्या दोन जागा घ्यायची, चौदा आणि पंधरा. चौदावर घरगाडी. पंधरावर कोणी नाही.

पंधरा नंबर कर्टिससाठी होता.

कर्टिस थोरला. त्या वर्षी चव्वेचाळिसाचा. खनिज वाहणाऱ्या जहाजावर सुकाणू धरायचा. बायकोशी दोन वर्षंच पटलं, मूलबाळ नाही. मार्च ते जानेवारी पाण्यावर, आणि बर्फाने जहाजं बंदरात अडकली की आईबापांच्या घरी, आपल्या जुन्या खोलीत. त्याच्या सगळ्या कागदांवर पत्ता तोच. घर विकलं तेव्हा डेलबर्टने त्याचं सामान, म्हणजे पलंग, मासे धरायच्या काठ्या, शाळेतले हॉकीचे बिल्ले, सगळं भाड्याच्या गोदामात नीट रचून ठेवलं, आणि गोदामाची चावी पाकिटात घालून जहाजाच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवून दिली. सोबत चिठ्ठी नाही. चिठ्ठी लिहिणं डेलबर्टला जमत नसे. आपण पोराची नीट व्यवस्था लावली, असं त्याला मनापासून वाटत होतं.

चावी मिळाली त्या दिवशी कर्टिसचा फोन आला होता.

"बाबा, ही कसली चावी?"

"गोदामाची. तुझं सगळं आहे त्यात. एक खिळासुद्धा फेकला नाही."

"आणि मी कुठे राहू? गोदामात?"

"अडतीस वर्षांचा घोडा झालास, कर्टिस. आईच्या घरात किती दिवस झोपणार?"

त्यानंतर बाप-लेक बोलले नाहीत. त्या हिवाळ्यापासून कर्टिस रिकाम्या जहाजाचा राखणदार म्हणून बंदरातच राहू लागला. वर्षातून तीन-चार वेळा कुठल्या तरी धक्क्यावरून आईला फोन करायचा. जेवतोस ना, हो. थंडी आहे का, हो. बापाचं नाव दोघंही काढत नसत. दर उन्हाळ्याच्या तोंडाला वर्ना म्हणायची, "पंधरा नंबर घेऊन ठेवलाय रे. तुझा तंबू लावते. येशील तेव्हा ये." तो म्हणायचा, "बघू, आई."

आता कॅम्पवर एक नियम होता. जागा नावावर असली तरी तिथे माणूस राहिला पाहिजे. पहिल्या संध्याकाळपर्यंत तंबू दिसला नाही, किंवा तंबू नुसताच उभा आहे असं कळलं, की जागा काढून घ्यायची आणि फाटकापाशी ताटकळणाऱ्या कुटुंबाला द्यायची. जुलैत फाटकापाशी रोज सात-आठ गाड्या असतात, पोरंबाळं काचेला नाक लावून बसलेली. नियम वाईट नव्हता. पण वर्ना सहा वर्षं तो मोडत होती. आल्या दिवशी ती हिरवा तंबू पंधरावर उभा करायची, आत अंथरूण घालायची, उशीला अभ्रा चढवायची. घरातून तिने हट्टाने बरोबर घेतलेली वस्तू म्हणजे तो तंबू. त्याच्या दाराशी, आतल्या बाजूला, कर्टिसने सातव्या वर्षी शाईने काढलेलं जहाज अजून होतं. धुराडं जहाजापेक्षा मोठं.

नियम पाळला जातो की नाही हे बघायचं काम मर्विन स्टोकी करायचा. मर्विनही निवृत्त, पोस्टातून. एक नंबरच्या जागेवर फुकट राहायचं आणि बदल्यात दिवसातून दोन फेऱ्या मारायच्या, असा त्याचा करार. छोट्या बॅटरीच्या गाडीतून फिरायचा, गाडीला झेंडा.

चौथ्या दिवशी सकाळी तो चौदाजवळ थांबला.

"वर्ना, पंधरातला पाहुणा अजून उठला नाही वाटतं?"

"रात्रपाळीचा माणूस आहे. झोपू दे त्याला."

"चार दिवस झोपलाय. जिवंत आहे ना, की मी कोणाला बोलावू?"

"वेलदोड्याचा पाव घे, मर्विन. आत्ताच काढलाय."

हा पाव डेलबर्टच्या फिनलंडच्या आईकडून आलेला. तीन पेडांची वेणी, वरून साखर. कर्टिस लहानपणी एका बैठकीत अर्धा संपवायचा. वर्ना घरगाडीच्या एवढ्याशा भट्टीत दर तीन दिवसांनी एक भाजायची, कर्टिस आलाच तर ताजा असावा म्हणून. शिळा व्हायला लागला की मर्विनला द्यायची.

मर्विनने पाव गाडीत ठेवला. "पावाने नियम बदलत नाही हं."

"नियमाला कुठे देतेय? तुला देतेय."

त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ऐक. या आठवड्यात वरून कोणीतरी तपासायला येणार आहे, असं ऐकतोय. मला ठाऊक आहे तू काय करतेस. सहा वर्षं ठाऊक आहे. पण मला दाखवायला तरी काहीतरी दे. माणूस राहतो म्हटलं की बाहेर बूट असतात, टॉवेल असतो. हा तंबू बघ, शोकेसमधल्यासारखा दिसतोय."

डेलबर्ट दाराच्या पायरीवर बसून कॉफी पीत होता. छाती धरल्यापासून त्याला पायरीवरून उठायलाही दोन वेळा विचार करावा लागायचा. तो म्हणाला, "सोडून दे ना जागा. कोणी यायचं नाही. मी दरवर्षी सांगतो."

"तुला कोणी विचारलं नाही," वर्ना म्हणाली.

"तेच तर. मला कधी कोणी विचारतच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ना तोंड धुवायला बाहेर आली तर पंधराच्या तंबूपुढे बुटांचा जोड. पुरुषी, जाड तळव्याचे, घोट्याच्या वर येणारे, चिखलाने माखलेले. मग तिने जवळ जाऊन बघितलं. चिखल ओला होता, आणि चिखलाखाली चामडं कोरं करकरीत. तिने बुटाची जीभ उलटून नंबर बघितला. तेरा.

"हे कोणाचे?" तिने डेलबर्टला विचारलं.

"माझे. सेलमध्ये होते."

"तुझा पाय नऊ नंबर."

"म्हातारपणी सूज येते."

ती आत गेली. पलंगाखालचा खण अर्धवट उघडा होता, त्यात बुटांचं रिकामं खोकं. खोक्याच्या झाकणावर बोट फिरवलं तर धुळीत रेघ उठली. एकदोन महिन्यांची धूळ नव्हती ती; आतल्या पावतीवर तारीख तीन वर्षांपूर्वीची. तीन हिवाळे ते खोकं तिच्याच पाठीखाली टेक्सासला जाऊन आलं असेल, आणि तिला पत्ता नव्हता. तिने खण लावून टाकला आणि बाहेर येऊन बुटांबद्दल एक शब्द काढला नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात काय बोलायचं नाही हे तिला नेमकं कळायचं.

एकदा सुरुवात केल्यावर डेलबर्टला हुरूप आला. त्याने दोरी बांधली, दोरीवर ओला टॉवेल टाकला. एक घडीची खुर्ची सरोवराकडे तोंड करून मांडली. खुर्चीच्या हातावर कॉफीचा मग ठेवला, मगात खाली थोडी कॉफी उरवून. झाडाला मासे धरायची काठी टेकवली. प्रत्येक गोष्टीमागे थांबायचा, दम घ्यायचा, लांबून बघायचा. "टॉवेल फार सरळ आहे," म्हणायचा, आणि परत जाऊन चुरगळायचा.

संध्याकाळी दोघं चौदाच्या टेबलाशी सूप पीत बसली. पंधरावर जिवंत माणसाच्या सगळ्या खुणा होत्या. आता तो अंघोळीहून येईल आणि टॉवेल ओढून घेईल, असं वाटण्यासारखं. वर्नाने नकळत तिसरा वाडगा काढला होता. डेलबर्टने तो बघितला, उचलला आणि बिस्किटं त्यात ओतली, जणू त्याचसाठी तो काढला होता.

बुधवारी त्यांना गावात जायचं होतं, डेलबर्टच्या छातीच्या तपासणीला. डॉक्टरीणबाई तरुण होती, स्पष्ट बोलणारी. तिने डेलबर्टला नळीत फुंकायला लावलं, आकडे बघितले, आणि वर्नाला म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्याचे बेत करा, पण मुलंबाळं कोणी भेटायची असतील तर उन्हाळ्यावर ढकलू नका." परत येताना डेलबर्ट म्हणाला, "बाईचं वय काय असेल? जनेलपेक्षा लहान." तेवढंच. वर्ना गाडी चालवत होती. एकदा तरी बाप आणि लेक एका शेकोटीशी बसलेले बघायचे, एवढीच तिची मागणी होती, आणि आज कोणीतरी तिला मुदत घालून दिली होती.

कॅम्पवर पोचल्या पोचल्या मर्विन झेंडा फडफडवत आला. चेहरा फुललेला.

"तुमची लाज राखली मी आज! पाव काढा."

"काय झालं?"

"आला होता ना तपासणारा. साध्या कपड्यात, पण मला कळतंच. उंच, दाढीवाला. पिकअपमधून उतरला, सरळ पंधरापाशी. बराच वेळ बघत उभा. मग मला विचारतो, इथे कोण राहतं? मी म्हटलं, आहे एक माणूस, पंधरा दिवसांचं भरलंय त्याने, रात्रपाळीचा आहे, झोपलाय आत. तो म्हणाला, हापालांचा कोणी आहे का? मी म्हटलं, त्यांचाच खास माणूस, दरवर्षी असतो. मग काही बोलला नाही. तिकडे दगडांवर जाऊन बसला तासभर, आणि गेला. वहीत लिहिलंसुद्धा नाही काही!"

डेलबर्ट हसला, खोकला, परत हसला. "मर्विन, पोस्टात फुकट गेलास तू. नाटकात जायला हवं होतंस." वर्नाने अख्खा पाव दिला. त्या दिवशी दोघंही जरा खुशीत होती. सहा वर्षांत पहिल्यांदा दोघांनी मिळून काहीतरी केलं होतं.

गुरुवारी सकाळी वर्ना पाण्याच्या नळावर गेली. नळ टेकाडावर होता आणि फोनला आवाज तिथेच यायचा. बादली भरत असतानाच फोन वाजला. कर्टिस. मागे यंत्रांची घरघर.

"कुठून रे?"

"सूच्या पाणदारातून. खाली चाललोय. आई, बरी आहेस ना?" सूच्या पाणदारातून जहाजं वरच्या सरोवरातून खालच्यात उतरवतात.

"मी बरी. तू केव्हा येतोस? पाव केलाय."

"आलो होतो. काल."

वर्नाने नळ बंद केला.

"मार्केट बंदरात जहाज भरायला आठ तास लागणार होते. धक्क्यावरच्या एकाची पिकअप घेतली. आजपासून माझी रजा होती, महिनाभर. म्हटलं आधी बघून येऊ, जमतंय का. बाबांसमोर उभं राहायला जमतंय का. तर तुम्ही नव्हता. आणि पंधरावर कोणीतरी आहे."

"कोणी नाही, कर्टिस."

"बूट बघितले मी, आई. टॉवेल बघितला. तिथल्या म्हाताऱ्याने सांगितलं, दरवर्षी असतो म्हणून, तुमचा खास माणूस. मी काही मागत नव्हतो. पण तू दरवर्षी म्हणतेस, तुझा तंबू लावलाय. घर विकलं ते विकलं. तंबू तरी दुसऱ्याला द्यायचा नव्हता."

वर्नाने सगळं सांगितलं. नियम, मर्विन, तपासणारा येणार होता ते, टॉवेल. घाईत सांगितलं, उलटसुलट, पुन्हा मागे जाऊन. शेवटी म्हणाली, "बूट तुझ्या बाबांनी ठेवले. तुझेच आहेत. तेरा नंबर. तीन वर्षं पलंगाखाली होते, मलासुद्धा माहीत नव्हतं. कोरे दिसू नयेत म्हणून त्याने चिखल लावला."

पलीकडे यंत्रांची घरघर वाढली.

"कर्टिस?"

"मी रजा दुसऱ्याला दिली, आई. काल रात्रीच. रे म्हणून आहे, त्याची मुलगी बाळंत व्हायची आहे. आत्ता इथेच उतरला तो. त्याच्या बदली मी थांबलोय. आता जहाज सोडता येत नाही."

"मग केव्हा?"

"पुढच्या जुलैत मागून घेतो. सगळीच्या सगळी. नक्की." मग म्हणाला, "सोमवारी आम्ही रिकामे वर जाऊ. तुमच्यासमोरून. दहाच्या सुमाराला."

"बाबांशी बोलतोस? मी खाली घेऊन जाते फोन, नाही, खाली आवाज येत नाही. मी त्याला वर आणते."

"त्यांना चढवू नकोस टेकाड," कर्टिस म्हणाला. त्याला ते कोणी सांगितलं होतं, कोण जाणे. बहुधा जनेलने.

वर्ना बादली तिथेच विसरून खाली आली. बुटांचं डेलबर्टला सांगायचं नाही, असं तिने उतरता उतरता ठरवलं. नुसतं म्हणायचं, आला होता, आपण गावात होतो, चुकामूक झाली.

"कर्टिसचा फोन होता," ती म्हणाली. "काल आला होता तो. आपण डॉक्टरकडे होतो तेव्हा."

डेलबर्टच्या हातात बटाटा होता आणि सुरी. "काल?"

"जहाज भरत होतं म्हणून. थोडाच वेळ होता."

"मग थांबायचं. तंबू होता ना तिथे. दार उघडून आत पडायचं. त्याचाच..."

तो थांबला. मान वळवून त्याने पंधराकडे बघितलं. दोरी, टॉवेल, खुर्ची, मग. उंच, दाढीवाला. वर्नाला त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागच्या जागी जाऊन बसताना दिसली. 

डेलबर्टने बटाटा खाली ठेवला. उठला, पंधरावर गेला, बूट उचलून आणले. टेबलावर भांडी धुवायचं घमेलं होतं, त्यात पाणी ओतलं आणि बूट धुवायला लागला. आधी तळवे, मग शिवणी. शिवणीतला चिखल सुकून दगड झाला होता, तो त्याने नखाने काढला. वर्ना पुढे झाली तर कोपराने तिला दूर केलं. धुऊन झाल्यावर जुना पेपर फाडून बोळे केले, बुटांत भरले, आणि बूट सावलीत ठेवले, उन्हात चामडं तडकतं म्हणून. या सगळ्याला तासभर लागला. मध्ये दोनदा खाली बसावं लागलं.

मग म्हणाला, "चिखल लावायला नको होता."

"तुझा काय दोष? मर्विनने..."

"मर्विनला काय माहीत? त्याने पावाची परतफेड केली." तो आपल्या ओल्या बोटांकडे बघत होता. "मी काही केलं की असंच होतं त्याच्या बाबतीत."

"बूट त्याला पाठवून देऊ," वर्ना म्हणाली. "जहाजाच्या पत्त्यावर. चार दिवसांत मिळतील."

"नाही." इतक्या जोरात म्हणाला की त्याला खोकला आला. खोकला ओसरल्यावर हळू म्हणाला, "पोस्टाने नाही. एकदा पोस्टाने पाठवून बघितलं. हे मी हातात देणार."

दुपारी मर्विन आला. वर्नाने त्याला सांगितलं नाही. डेलबर्टनेच सांगितलं, सरळ, दोन वाक्यांत. मर्विन गाडीतून उतरला, टोपी काढली, परत घातली. "मी विचारायला हवं होतं, तू कोण म्हणून," तो म्हणाला. "एवढं तरी विचारायला हवं होतं."

"कशाला विचारशील? त्याने तरी कुठे सांगितलं? आमचाच आहे तो," डेलबर्ट म्हणाला. "मर्विन, पंधरा नंबर देऊन टाक. फाटकावर कोण असेल त्याला."

तंबू दोघांनी मिळून उतरवला. डेलबर्ट खुर्चीत बसून खुंट्या मोजत होता, वर्ना घड्या घालत होती. तासाभरात पंधरावर एक निळा तंबू उभा राहिला आणि तीन मुली सायकलवरून गोल गोल फिरायला लागल्या. धाकटीने येऊन विचारलं, "आजी, इथे आधी कोण राहत होतं?" वर्ना म्हणाली, "माझा मुलगा."

सोमवारी सकाळ स्वच्छ होती. नऊ वाजल्यापासून डेलबर्ट काठावरच्या सपाट दगडावर दुर्बीण घेऊन बसला. वर्ना कॉफी घेऊन गेली, तर त्याच्या मांडीवर पिवळ्या चौकटींचं टेबलावरचं कापड. कर्टिस जहाजावर नवा नवा लागला तेव्हा वर्ना हे कापड काठावर धरून उभी राहायची, त्याला दिसावं म्हणून. डेलबर्ट तेव्हा म्हणायचा, "पाच मैलांवरून त्याला मुंगी दिसेल तुझी." कापड कुठल्या खणात आहे हे त्याला माहीत असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

"एक टोक धर," तो म्हणाला.

दहाला दहा मिनिटं असताना जहाज टोकाआडून आलं. रिकामं होतं म्हणून पाण्याच्या बरंच वर. एवढं लांब की हलताना दिसत नव्हतं, बघता बघता फक्त जागा बदलत होतं. दोघांनी कापड दोन टोकांना धरून ताणलं. वाऱ्याने ते फुगत होतं आणि डेलबर्टला ओढत होतं. वर्ना म्हणाली, "बस तू, मी धरते." तो बसला नाही. श्वासाची शिट्टी तिला ऐकू येत होती. जहाजाने भोंगा दिला नाही. द्यायचं काही कारण नव्हतं. सुकाणूवाल्याला भोंगा वाजवायचा हुकूम नसतो. वीस-पंचवीस मिनिटांत ते पश्चिमेच्या टोकाआड गेलं.

"दिसलं असेल?" वर्नाने विचारलं.

"सुकाणू धरलेला माणूस समोर बघतो," डेलबर्ट म्हणाला. "बाजूला बघायला लागला तर कसला सुकाणूवाला?" कापडाची घडी मात्र त्याने स्वतः घातली, चौकटीला चौकट जुळवून.

मंगळवारी त्यांचे पंधरा दिवस संपले.

ऑक्टोबरात दोघं टेक्सासला गेली. बूट पलंगाखाली गेले नाहीत, दाराजवळ राहिले, येता-जाता पायात यायचे. दर रविवारी डेलबर्ट त्यांना तेल लावायचा. शेजारच्या गाडीतली म्हातारी एकदा म्हणाली, "तुमच्याकडे कोणी पाहुणा आहे का?" डेलबर्ट म्हणाला, "यायचा आहे." थंडीत त्याने एका फळीवर तापल्या सळईने नाव कोरायला घेतलं. कॅम्पवर लोक आपल्या जागेपुढे नावाची पाटी लावतात तशी. कर्टिस हापाला, आणि खाली पंधरा. अक्षरं तिरकी आली, पण पुरी झाली. कोणालाही वाचता येतील अशी मोठी.

नाताळात कर्टिसने आईला फोन केला, कुठल्या तरी धक्क्यावरून. वर्नाने फोन डेलबर्टपुढे धरला. त्याने मान हलवली. त्याला बोलायला दम पुरत नव्हता, आणि तो दम त्या पोराला ऐकवायचा नव्हता. "सांग, बूट आहेत," तो म्हणाला. "सांग, जुलैत."

वर्नाने सांगितलं. कर्टिस म्हणाला, "ऐकलं, आई. त्यांचा आवाज आला."

मार्चमध्ये कर्टिस आला तेव्हा बोलवायचं काम जनेलने केलं होतं. तो विमानाने आला, पायात कापडी बूट, कारण जहाजावरून तसाच निघाला होता. वर्नाने दाराजवळचा जोड उचलला. डेलबर्ट हातात देणार होता, म्हणून तिनेही हातात दिला, खोक्यात घातला नाही. कर्टिस पायरीवर बसला आणि लेस ओढल्या. बसले बरोबर. दफनाला तो तेच बूट घालून उभा राहिला. परतताना त्याने सांगितलं की जुलैत, त्या सोमवारी, त्याला काठावर पिवळा ठिपका दिसला होता. खरं होतं की आईसाठी म्हणाला, हे वर्नाने विचारलं नाही. पाटी त्याने बरोबर नेली. जुलैत ती पंधरा नंबरवर लागली. तंबूत कर्टिस होता, आणि चौदावर वर्ना एकटी.

डेलबर्ट हापाला अकरा मार्चला, मंगळवारी, सकाळी साडेसहाच्या सुमाराला टेक्सासमध्ये घरगाडीत वारला. त्याचं वय शहात्तर होतं.